छोट्या कंपनीच्या डिस्क गोल्फ डिस्क घ्यायच्या आहेत, तपासायच्या कशा?

मोरपंख

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळच्या दुकानात एका नव्या, छोट्या कंपनीच्या डिस्क गोल्फच्या (डिस्क फेकत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) डिस्क आल्या आहेत. मोल्ड (साच्याने ठरणारे डिस्कचे प्रकार) चारच आहेत: पटर (बास्केटजवळून टाकायचा), मिडरेंज (मधल्या अंतराची), फेअरवे ड्रायव्हर (लांबच्या फेकीची) आणि डिस्टन्स ड्रायव्हर (सगळ्यात लांबच्या फेकीची). हातात घेऊन पाहिल्या, प्लास्टिक चांगलं वाटलं. नेटवर मात्र जे काही सापडतं ते विकणाऱ्यांनीच लिहिलेलं.

सध्याची बॅग अशी: पटर एव्हिआर, मिड बझ, फेअरवेला टीबर्ड, डिस्टन्सला डिस्ट्रॉयर. उजव्या हाताने बॅकहँड, सपाट फेक साधारण २७० फूट.

विचारायचं हे की चारातून आधी कोणती घ्यावी? डिस्कवर छापलेले चार आकडे कितपत धरायचे? आणि 'ही माझ्या टीबर्डच्या जागी चालेल का' हे ठरवायची काही शिस्तशीर पद्धत आहे का, की नुसतं दोन राउंड खेळून मनाचा कौल घ्यायचा? पुढे स्थानिक स्पर्धेत खेळायचं आहे, तर नियमांचंही सांगा.

---

सरळरेघ

मोरपंख, डिस्टन्स ड्रायव्हर आत्ता बाजूला ठेवा. २७० फुटांच्या फेकीला १२ स्पीडची डिस्क तिच्या खऱ्या स्वभावाने उडत नाही. रिम (डिस्कची कड) जितकी रुंद तितका वेग जास्त लागतो. तो मिळाला नाही की टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं) दिसतच नाही आणि डिस्क लवकर डावीकडे बसते. मग तिच्यावरचा उणे १ चा टर्न खरा की खोटा, हे कळणार कसं? पटर आणि मिडपासून सुरुवात करा. त्या डिस्कना तुमचा हात पुरेसा वेग देतो, त्यामुळे जे दिसतं तो डिस्कचा गुण असतो.

छापील आकड्यांबद्दल. स्पीड (लागणारा वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न, फेड (शेवटी डावीकडे वळणं) या चार आकड्यांची पद्धत इनोव्हा कंपनीने रूढ केली आणि बाकीच्यांनी उचलली. पण हे आकडे कोणी तिऱ्हाईत तपासून देत नाही. कंपनी स्वतःच ठरवते आणि स्वतःच छापते. पीडीजीए (खेळाचे नियम ठरवणारी संघटना) मोल्डला मंजुरी देते ती मोजमापांवरून, उड्डाणावरून नाही. म्हणून एका कंपनीचा ७/५/०/२ आणि दुसऱ्या कंपनीचा ७/५/०/२ सारखाच उडेल असं धरून चालू नका. एकाच कंपनीच्या दोन डिस्कमध्ये कोणती जास्त वळेल, एवढ्यापुरते ते आकडे कामाचे.

त्यापेक्षा भरवशाचं काही हवं असेल तर पीडीजीएच्या संकेतस्थळावर मंजूर डिस्कची यादी आहे. प्रत्येक मोल्डचा व्यास, उंची, रिमची खोली, रिमची रुंदी, आतला व्यास, लवचीकता, कमाल वजन, सगळं दिलेलं असतं. नव्या फेअरवेची नोंद उघडा, शेजारी टीबर्डची उघडा. ढोबळ हिशोब असा: पटरची रिम १ सेंमीच्या आसपास, मिडची १.२ ते १.४, फेअरवेची १.६ ते १.९, डिस्टन्सची २.१ आणि पुढे. २.६ च्या वर मंजुरीच नाही. कंपनीने स्पीड १० लिहिला आणि रिम १.६ निघाली, तर तो आकडा फुगवलेला आहे. यादीत नावच नसेल तर स्पर्धेचा विषय तिथेच संपला.

आता मैदान. मोकळं फुटबॉलचं मैदान, वारा पडलेला असेल अशी सकाळची वेळ. एका वेळी एकच जोडी: नवी मिड आणि बझ. जोडी जुळवताना तीन गोष्टी पाहा. दोघींच्या वजनात २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. प्लास्टिक एकाच दर्जाचं हवं, म्हणजे प्रीमियमसमोर प्रीमियम. आणि दोन्ही सारख्याच नव्या हव्यात. सगळ्यात जास्त फसगत या तिसऱ्या गोष्टीत होते. झाडांवर वर्षभर आपटलेली बझ मुळापेक्षा अंडरस्टेबल (उजवीकडे जास्त वळणारी) झालेली असते. तिच्याशी तुलना केली की कोणतीही कोरी डिस्क 'फार ओव्हरस्टेबल' (लवकर डावीकडे जाणारी) वाटते आणि खापर नव्या कंपनीवर फुटतं. दुकानदार ओळखीचा असेल तर एक कोरी बझ तासाभरासाठी मागून घ्या.

समोर सरळ रेषेत २०० फुटांवर एक शंकू ठेवा. ताकद तीन चतुर्थांश, फेक सपाट. क्रम नवी-जुनी-जुनी-नवी असा ठेवा. नुसतं नवी-जुनी-नवी-जुनी केलं तर दर वेळी दुसऱ्या डिस्कला आधीच्या फेकीने केलेल्या सुधारणेचा फायदा मिळतो. प्रत्येकीच्या १२ फेकी करा. वहीत फेकीमागे तीनच नोंदी: किती पावलं गेली, हवेत रेषेच्या उजवीकडे किती सरकली, पडली तेव्हा रेषेपासून डावीकडे किती पावलं. फेक हातातून वाईट सुटली तर ती वगळा, पण हे डिस्क हवेत असतानाच ठरवा, पडल्यावर नाही. पडल्यावर ठरवलं की माणूस नकळत आवडत्या डिस्कच्या वाईट फेकी पुसत जातो.

मग दोन जोडचाचण्या, प्रत्येकी ६ फेकींच्या. एक, डिस्कची बाहेरची कड खाली झुकवून, म्हणजे हायझरवर, तेवढ्याच ताकदीने. डिस्क हवेत उठून सपाट झाली तर ती अंडरस्टेबलकडे झुकते. दिलेला कोन शेवटपर्यंत धरून राहिली तर नाही. दोन, समोरून वारा असेल त्या दिवशी सपाट फेक. समोरच्या वाऱ्यात डिस्कचा हवेशी असलेला वेग वाढतो, त्यामुळे टर्न जास्त दिसतो. निवांत हवेत सरळ वाटणाऱ्या दोन डिस्कमधला फरक इथे उघडा पडतो. मागून वारा असताना उलट होतं: डिस्क लवकर खाली येते, लवकर डावीकडे जाते. त्या दिवशी ग्लाइडबद्दल मत बनवू नका.

मिडचं जमलं की हीच पद्धत फेअरवे आणि टीबर्डला लावा.

---

साचेकार

सरळरेघ यांनी मैदानाचं सांगितलं, मी घरच्या तपासणीचं सांगतो. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत निम्मा निकाल ओट्यावरच लागतो.

डिस्क इंजेक्शन मोल्डिंगने बनते. गरम प्लास्टिक दाबाने साच्यात जातं, थंड होताना आकसतं. प्लास्टिकचं मिश्रण, रंग, साच्यात ठेवायचा वेळ, बाहेर काढल्यावर थंड करायची पद्धत, यातलं काही थोडं बदललं तरी वरचा घुमट आणि कडेची उंची बदलते. मोठ्या कंपन्यांच्याही एका खेपेत टीबर्ड घुमटदार येते, दुसऱ्या खेपेत चपटी. छोटी कंपनी शिकत शिकत यंत्राची मांडणी बसवत असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन खेपांमध्ये हा फरक जास्त धरून चला. 'अमुक कंपनीची मिड अशी उडते' हे वाक्य अर्धवट आहे. कोणती खेप, कोणतं प्लास्टिक, हे विचारा.

आणखी एक. नाव नवं असलं म्हणजे कारखाना नवा असतोच असं नाही. इन्फिनिट डिस्क्सच्या डिस्क इनोव्हा बनवते. वेस्टसाइड आणि डायनॅमिक डिस्क्सचं उत्पादन स्वीडनच्या लॅटिट्यूड ६४ कडे आहे. अ‍ॅक्सिअम आणि स्ट्रीमलाइन एमव्हीपीच्या कारखान्यातून येतात. तुमच्या कंपनीचा माल कोण बनवतं ते दुकानात विचारा. जुन्या कारखान्यातून येत असेल तर प्लास्टिकचा पोत ओळखीचा निघेल आणि खेपांमधला फरकही कमी असेल.

आता ओट्यावर. ग्रॅनाईट किंवा काचेचा सपाट पृष्ठभाग घ्या. डिस्क खेळताना असते तशी पालथी ठेवा आणि कडेवर चार ठिकाणी बोटाने आळीपाळीने दाबा. टकटक असा आवाज येऊन ती डुलली तर कड पिळलेली आहे. हलकीशी डुलली तर चालेल. दोन बोटांखाली नाचत असेल तर घेऊ नका, ती हवेत सुरुवातीपासून थरथरत जाईल.

मग तुमची बझ तिच्या शेजारी, कडेला कड चिकटवून ठेवा आणि डोळे ओट्याच्या पातळीला आणून बघा. प्रत्येक डिस्कच्या नाकावर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टोकाला, साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ असते. कुणाची रेघ उंच ते पाहा. एकाच मोल्डच्या दोन डिस्कमध्ये जिची रेघ उंच ती जास्त ओव्हरस्टेबल, हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही मैदानावर जाणवतो. दुकानात चार डिस्क समोर असतील तर अशा रांगेत लावून मधली उचला, अगदी उंच किंवा अगदी बसकी नको.

घुमटासाठी डिस्कवर आडवी पट्टी ठेवून पट्टी आणि कडेमधली फट बघा. घुमट जास्त तर साधारणपणे ग्लाइड जास्त, चपटी तर कमी. मध्यभाग अंगठ्यांनी दाबला की डबीच्या झाकणासारखा टप् करून आत जाऊन परत येत असेल, तर वरचा पत्रा पातळ भरला गेला आहे. ती सोडा.

शेवटी अंगठा नाकावरून सावकाश गोल फिरवा. जोडावर बारीक दोऱ्यासारखी धार लागते, तिला फ्लॅश म्हणतात. छोट्या कंपन्यांच्या मालात ती जास्त आढळते, कारण साच्याचे भाग घट्ट बसायला आणि कडा साफ करायला वेळ आणि माणसं लागतात. डिस्क सोडताना ही धार बोटाला कापते आणि मग हात सुटण्याच्या क्षणी आखडतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फक्त त्या धारेवरून दोन-तीन फेरे, मग ८०० चा एक फेरा. धार गेली की थांबायचं. पीडीजीएच्या नियम ८१३.०१ प्रमाणे साच्यातले दोष माफक घासून काढायला परवानगी आहे. उड्डाण बदलेल इतकं घासलं तर डिस्क बेकायदा ठरते, आणि तशी डिस्क फेकली तर दोन थ्रोचा दंड आहे. चिरलेली डिस्कही बाद.

---

उत्तरध्रुव

इकडे फिनलंडमध्ये छोट्या कंपन्या पुष्कळ आहेत, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. सरळरेघ यांच्याशी एका बाबतीत मतभेद. मिड आणि ड्रायव्हरला त्यांची पद्धत चोख आहे, पण पटर मैदानात फेकून तपासायचा नसतो. पटर निवडायचा तो हाताला आणि साखळीला विचारून.

हाताचं आधी. रिमची खोली आणि तळाचा बीड या दोन गोष्टी बोटांना लगेच कळतात. बीड म्हणजे रिमच्या तळाशी बाहेरच्या बाजूने फिरणारी बारीक गोलाई. एव्हिआर बीडसह मिळतो आणि बीडशिवायही. तुमचा कोणता आहे ते पाहून तसाच घ्या, नाहीतर सोडण्याचा क्षण बदलतो आणि पहिले काही दिवस सगळे पट (बास्केटमध्ये टाकायच्या जवळच्या फेकी) एकाच बाजूला चुकतात. ती डिस्कची चूक नसते.

मग साखळी. ५, ७ आणि १० मीटरवरून प्रत्येकी २० पट, अर्धे जुन्याने, अर्धे नव्याने. नुसते 'आत गेले' मोजू नका. तीन खाने करा: आत राहिला, साखळीला लागून बाहेर आला, लागलाच नाही. मधला खाना प्लास्टिकबद्दल सांगतो. कडक, गुळगुळीत प्रीमियम प्लास्टिकचा पटर साखळीवरून उसळायची शक्यता जास्त. मऊसर, खरखरीत बेस प्लास्टिक साखळीत रुततं. म्हणून नव्या कंपनीचा पटर पहिल्यांदा घेताना तिचं सगळ्यात स्वस्त प्लास्टिक घ्या. कंपनी बहुधा महागडंच पुढे करते, कारण ते दिसायला छान असतं आणि टिकतंही. ड्रायव्हरला ते योग्य, पटरला नाही.

प्लास्टिकच्या नावांनी गोंधळू नका. इनोव्हाचं चॅम्पियन, डिस्क्राफ्टचं झेड, कास्टाप्लास्टचं के१, ही नावं प्रत्येकाची घरची. तुमच्याच टेक्सासातल्या मिंटकडे एपेक्स, सब्लाइम, इटर्नल अशी वेगळीच यादी आहे. दुकानात एकच विचारा: हे बेस की प्रीमियम? आणि मग नखाने दाबून बघा. नखाची खूण क्षणभर राहिली तर मऊ, अजिबात उठली नाही तर कडक. हिवाळ्यात हाच प्रयोग बाहेर थंडीत करा. शून्य अंशाच्या आसपास बरीच प्लास्टिकं दगडासारखी होतात आणि पकड जाते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात याच्या उलट: मऊ पटर गाडीत तापला की लिबलिबीत होतो आणि वाकडा ठेवलेला असेल तर तसाच बसतो. चाचणीच्या दिवशी दोन्ही डिस्क एकाच पिशवीत, सावलीत ठेवा.

छोट्या कंपनीकडे जायचं खरं कारणही सांगतो. मोठ्यांकडे आहे तीच डिस्क दुसऱ्या शिक्क्याने घेण्यात अर्थ नाही. जे मोठ्यांकडे नाही ते शोधा. कास्टाप्लास्टचा बर्ग बघा: १/१/०/२. ग्लाइड फक्त १! कागदावर हा आकडा वाचून कोणी हात लावणार नाही. पण वरच्या बाजूला अंगठ्यासाठी खोलगट पट्टा आणि फेकला की जागेवर जाऊन धपकन खाली. बास्केटच्या पुढे निघून जाण्याची भीती नाही, म्हणून जवळच्या अ‍ॅप्रोचला (बास्केटपाशी नेणाऱ्या फेकीला) तो इतक्या लोकांच्या बॅगेत आहे. कोलोरॅडोची ट्रॅश पांडा पूर्णपणे पुनर्वापराच्या प्लास्टिकचा इनर कोर पटर बनवते. तुमच्या कंपनीच्या चार मोल्डमध्ये असं स्वतःचं काही आहे का, ते आधी बघा. असलं तर तीच पहिली डिस्क.

---

डोंगरमाथा

एक छोटी भर. नेटवरचे अभिप्राय वाचताना लिहिणारा कुठे खेळतो ते पाहा. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे टर्न कमी पडतो आणि प्रत्येक डिस्क ओव्हरस्टेबल वाटते. इथल्या माणसाने 'सरळ जाते' म्हटलेली डिस्क ह्यूस्टनला समुद्रसपाटीजवळ उजवीकडे वळू शकते. अभिप्रायात फेकीचं अंतरही शोधा. ४०० फूट फेकणाऱ्याचं 'अंडरस्टेबल' आणि २७० फूट फेकणाऱ्याचं 'अंडरस्टेबल' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

---

मोरपंख

सगळ्यांचे मनापासून आभार! पटर बेस प्लास्टिकमध्ये आणि मिड प्रीमियममध्ये आणली. ओट्यावर मिड छान बसते, रेघ बझपेक्षा किंचित उंच आहे. यादीत दोन्ही सापडल्या. पण एक अडचण: पटरच्या तळाला पेनने १७५ लिहिलंय आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर १७७ भरतात. यादीत व्यास २१.२ सेंमी आहे. हे चालतं का? आणि मिडची रेघ उंच म्हणजे ती बझच्या जागी नाही चालणार?

---

सरळरेघ

नियम असा: व्यासाच्या दर सेंमीला ८.३ ग्रॅम, आणि काही झालं तरी २०० ग्रॅमच्या आत. २१.२ ला ८.३ ने गुणलं की १७६ येतात. म्हणजे १७७ भरत असेल तर ती डिस्क स्पर्धेत चालणार नाही. बझला तुम्ही १८० पाहिलं असेल, कारण तिचा व्यास २१.७ आहे.

पण आधी काटा तपासा. अमेरिकेतलं ५ सेंटचं निकेल नाणं बरोबर ५ ग्रॅमचं असतं. ३५ नाणी एका रिकाम्या वाटीत टाका, वाटीचं वजन शून्य करून. १७५ दाखवलं तर काटा ठीक. १७७ दाखवलं तर पटर १७५ चाच आहे. नाणी घासलेली नकोत, त्यातल्या त्यात नवी घ्या. काटा एका ग्रॅमच्या पायऱ्यांचा असेल तर डिस्क तीनदा उचलून परत ठेवा, एका वाचनावर जाऊ नका.

काटा बरोबर निघाला तर डिस्क दुकानात परत द्या आणि दुसरी तिथेच काट्यावर ठेवून घ्या. छोट्या कंपन्यांत वजन हाताने लिहिलेलं असतं, एखादी चुकते. घासून वजन कमी करायच्या भानगडीत पडू नका, ते नियमात बसत नाही.

मिडबद्दल: दोन वेगळ्या मोल्डमध्ये नुसत्या रेघेवरून निकाल लावता येत नाही. रिमचा आकार, नाकाची धार, घुमट, सगळ्याचा हिशोब असतो. १२ फेकी करूनच बघा.

---

साचेकार

सहमत. रेघेचा नियम एकाच मोल्डच्या दोन डिस्कपुरता, हे मी वर लिहिलंय, पण ठळक करायला हवं होतं.

मिड जमली तर त्याच खेपेच्या, त्याच प्लास्टिकच्या आणि त्याच वजनाच्या आणखी दोन लगेच घेऊन ठेवा. छोट्या कंपनीची पुढची खेप कधी येईल आणि तशीच येईल का, याची खात्री नसते. व्हायब्रमसारख्या मोठ्या रबर कंपनीनेही डिस्क बनवणं बंद केलं, आणि त्यांच्या पटरवर हात बसवलेल्या लोकांना जुना माल शोधत फिरावं लागलं. एक बॅगेत, एक कपाटात कोरी, आणि तिसरी सरावाला. कपाटातली आडवी, सपाट ठेवा, उभी टेकवून नको. तिन्हींच्या तळाला स्वतःची खूण कायम शाईने करा. स्पर्धेत बिनखुणेची डिस्क फेकली तर पहिल्यांदा ताकीद मिळते, पुढे दंड पडतो.

आणि बझ विकू नका. तीन महिन्यांनी मिड थोडी घासली गेली की तुलना परत करायची आहे, तेव्हा ती लागेल.